नागपूर, फक्त पन्नास मिनिटं

यशवंतराव पोहनकर उभ्या जन्मात विमानात बसले नव्हते. पण रायपूरहून नागपूर विमानानं किती वेळात येतं, हे ते ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या आपल्या जुन्या वस्तीत, इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं पहिल्या फेरीला वैमानिकाच्या मांडीला मांडी लावून हेच बसले होते.

"पन्नास मिनिटं," ते म्हणत. "चहाचा कप तोंडाले लावा, खाली ठेवा, का नागपूर."

तेव्हा छत्तीसगड राज्य नवीन, राजधानी नवीन, आणि नागपूरवरून पुढं मुंबईला जाणारं विमानही नवीनच. शहरात ज्याला त्याला कुठंतरी उडायची घाई झाली होती. पण यशवंतरावांची गोष्ट निराळी. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले. कोणती गाडी कुठं अडवायची आणि कोणती आधी सोडायची, हे कानाला फोन लावून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अंतर आणि वेळ या दोन गोष्टी आपल्याइतक्या दुसऱ्या कोणाला कळत नाहीत, असा त्यांचा समज होता. समज कसला, श्रद्धाच. आणि अशा माणसाची सख्ख्या भाचीच्या लग्नात फजिती झाली होती. ते दुःख काय सांगावं!

झालं होतं असं, की धाकटी बहीण विजया दिली नागपूरला. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला यशवंतराव त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. हिशेब चोख होता. पण गोंदियाच्या अलीकडे रुळावर म्हशी येऊन बसल्या, आणि म्हशींना कंट्रोल ऑफिसचा फोन जात नाही. मामा मांडवात पोचला तेव्हा दुसरी पंगत उठत होती. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं मामा म्हणून कोण उभा राहिला? तर विजयाच्या शेजारचा शंकर, औषधाच्या दुकानाचा मालक! त्या फोटोत शंकर छाती काढून असा उभा आहे, की भाची त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली म्हणावं. तो अल्बम नुसता कपाटातून निघाला तरी यशवंतरावांचं पित्त खवळायचं.

आता विजयाच्या धाकटीचं, अनुश्रीचं लग्न ठरलं होतं. ही शेवटची भाची. हिच्यामागं उभं राहायचं हुकलं तर मामा म्हणून जन्माला येऊन उपयोग काय? म्हणून यशवंतरावांनी निक्षून सांगितलं, या खेपेस विमान.

"बुधवारी माझ्यासंगं गाडीनं चला ना गुमान," सुशीलाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी, आणि घरातलं सगळं शहाणपण त्यांच्याकडे. "लग्न शुक्रवारचं. दोन दिवस आधी पोचलं तर काय बिघडते?"

"दोन दिवस आधी तो जाते, ज्याले हिशेब येत नाही. विमान सकाळी साडेआठला. पन्नास मिनिटांत नागपूर. मुहूर्त अकराच्या पुढं. मधी नाश्ता करून वर दाढी करायले वेळ आहे."

"विमानाले पन्नास मिनिटं लागतात हो, तुम्हाले किती लागतात ते सांगा. आन् वाटेत डोंगरगड नाही लागत. बमलेश्वरी देवीले हात कुठून जोडाल?"

"वरून," यशवंतराव म्हणाले. "जवळ पडते."

सुशीलाबाईंनी बुधवारचं आपलं एकटीचं तिकीट काढलं आणि लाडवाचे डबे बांधायला घेतले. विमानाची दोन तिकिटं मुलानं, निरंजननं काढली. एक वडलांचं, एक स्वतःचं. निरंजन रायपुरात जन्मला, रायपुरात वाढला. मराठी सगळी समजे, पण उत्तर हिंदीतच यायचं. "पापा, मैं साथ चलूँगा. आपको अकेला नहीं छोड़ सकते," एवढं तो म्हणाला, आणि पुढं जे घडलं ते पाहता याच्या तोंडात साखर पडो.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो ओट्यावर. शेजारचे हरिदासपंत संध्याकाळी पंचांग मांडीवर घेऊन बसत. तीन पिढ्या ब्राह्मणपाऱ्यात काढल्यामुळे त्यांची मराठी एका श्वासात तीन भाषांतून फिरून यायची.

"शुक्रवार?" हरिदासपंतांनी चष्मा वर केला. "आन् नागपूर कोन्या दिशेले?"

"पश्चिमेले."

"हव. मंग झालं कल्याण. शुक्रवारी पश्चिमेले दिशाशूल राहते, यशवंतराव. जानाच नहीं है."

"माझा विश्वास नाही या गोष्टीवर," यशवंतराव म्हणाले.

"मागच्या लग्नाले कोन्या वारी निघाले होते?"

यशवंतरावांनी मनात वार मोजला. रविवार होता. "रविवारी," ते जरा हळू म्हणाले.

"रविवारी बी पश्चिमेले शूल. त्या म्हशी का उगीच बसल्या होत्या?"

विश्वास नसलेल्या माणसाला घाबरवायला एवढं पुरतं. शिवाय विश्वास नसला तरी मामाचा मान होताच, आणि मानापुढं विश्वासाला कोण विचारतो! यशवंतरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "उपाय?"

उपाय होता, आणि तोही जुना. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे निघायचा दिवस वाईट असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, सुपारी, हळद-तांदूळ असं बांधून वाटेवरच्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग दुसऱ्या दिवशी आपण जातो ते नुसतं वस्तूच्या मागं. शूल कोणाला टोचायचं त्याला टोचो.

"पन एक आहे," हरिदासपंत म्हणाले. "प्रस्थान जायच्या दिशेले ठेवा लागते. पश्चिमेले."

"विमानतळ तर पूर्वेकडं आहे, पंत. तेलीबांधा ओलांडून जा लागते. मी नागपूरले जायसाठी आधी उलटा जाऊन राहिलो."

असा पेच पंचांगकर्त्यांच्या वाट्याला कधी आला नसावा. हरिदासपंतांनी बराच वेळ पंचांगाची पानं उलटली. शेवटी ते म्हणाले, "मंग विमान उडते तवा त्याचं तोंड कोन्या बाजूले राहते, ते पाहा. तीच दिशा."

यशवंतराव उठले ते थेट फोनपाशी गेले. फोनवर बोलायची त्यांची एक पद्धत होती. आधी पूर्ण नाव, मग हुद्दा, मग पत्ता, मग काम. कंट्रोल ऑफिसात असंच शिकवलेलं. विमानतळाच्या चौकशीला त्यांनी फोन लावला. "यशवंतराव पोहनकर, निवृत्त कंट्रोलर, ब्राह्मणपारा. शुक्रवार की सुबह का नागपूर का विमान किस दिशा में मुँह करके उडता है?"

पलीकडून उत्तर आलं, "हवा पर डिपेंड करता है, सर. क्यों?"

"शुक्रवार को हवा कैसी रहेगी?"

"सर, आपको जानना क्यों है?"

"और उडने के बाद पश्चिम को किधर वळता है? शहर के उपर से जाता है क्या? कितना उंची से?"

पलीकडच्या माणसानं नाव पुन्हा विचारलं. यशवंतरावांनी ते नीट, सावकाश, हुद्द्यासकट परत सांगितलं. आपली चौकशी इतक्या अगत्यानं लिहून घेताहेत याचं त्यांना समाधान वाटलं. खाजगी कंपन्या आल्यापासून ग्राहकाला मान मिळतो, असं ते हरिदासपंतांना म्हणालेसुद्धा.

हवा कोणाच्या हातात नसल्यामुळे प्रस्थान तेलीबांध्याला ठेवायचं ठरलं. तिथं दिवाकर राहायचा, यशवंतरावांचा ऑफिसातला जुना सोबती. घर विमानतळाच्या वाटेवर. गुरुवारी पूर्व दिशा मोकळी होती, हेही पंतांनी पाहून दिलं. बोचकं पंतांनीच बांधलं. त्यात यशवंतरावांचा नवा बंद गळ्याचा कोट. कापड पंडरीच्या कापडबाजारातून, चार दुकानांत घासाघीस करून आणलेलं, खास या लग्नासाठी. कोटावर हळद लावलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी. आणि सुपारी आहे तर फोडायला काय, म्हणून पंतांनी आपल्या घरचा पितळी अडकित्ताही घातला. चांगला वीतभर लांब, पात्याला चांगली धार. हे पंतांचं औदार्य. बोलून उपयोग नाही.

"आता ध्यानात ठेवा," पंत म्हणाले. "उद्या घराबाहेर पाय टाकला का मागं फिरायचं नाही. काही झालं तरी घरी परतायचं नाही. नाही तर प्रस्थान मोडते."

शुक्रवारी पहाटे बाप-लेक ऑटोनं निघाले. यशवंतरावांची दाढी झालेली, केसांना तेल, धोतर कडक. तेलीबांध्याला दिवाकरच्या दारात उतरले तेव्हा दिवाकरच्या बायकोनं, शांताबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. आपादमस्तक म्हणजे मस्तकापासून सुरुवात करून त्या पायापाशी आल्या आणि तिथंच थांबल्या.

"भाऊजी, हे काय घालून चालले?"

यशवंतरावांनी खाली पाहिलं. पायांत न्हाणीघरातल्या निळ्या रबरी स्लिपरा होत्या. नवे बूट घरी, पलंगाखाली, पॉलिश करून ठेवलेले.

"मैं ले आता हूँ, पापा, दस मिनिट," निरंजन म्हणाला.

"तूही प्रवासालेच निघाला ना? फिरायचं नाही!"

दिवाकरनं आपले बूट आणून दिले. दिवाकरचा पाय म्हणजे लहान पोराचा. यशवंतरावांची टाच काही आत जाईना. शांताबाईंचा जीव कळवळला. "विमानात पायाकडं कोण पाहते जी? समदे खिडकीतून पाहतात," त्या म्हणाल्या, आणि दोघांच्या हातावर दही-साखर ठेवून बोचकं बाहेर आणलं. चहा घेतल्याशिवाय सोडेनात. यशवंतरावांनी पन्नास मिनिटांचा हिशेब मनात पुन्हा एकदा केला आणि त्यात एक कप चहा बसवला.

विमानतळावर पायाकडे सगळ्यांनी पाहिलं. एका बाईंनी तर आपल्या मुलाला जरा बाजूला ओढून घेतलं. यशवंतरावांनी मान ताठ ठेवली. कंट्रोल ऑफिसात त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ऐकला होता. तो जमाना बरा होता, असं त्यांच्या मनात आलं.

बोचकं तपासणीच्या यंत्रातून गेलं आणि यंत्र थांबलं. मग ते मागं आलं, पुन्हा गेलं. एक अधिकारी आला. उंच, मिशीवाला, उत्तरेकडचा. त्यानं बोचकं सोडायला लावलं. कोट बाजूला काढून निरंजनकडे दिला, अडकित्ता उचलून दोनदा उघडला, मिटला.

"ये क्या है?"

"अडकित्ता है. सुपारी के लिए."

"और ये पीला पीला?"

"हळद है. प्रस्थान है ये मेरा."

"नाम?"

"यशवंतराव पोहनकर, निवृत्त कंट्रोलर..."

"ब्राह्मणपारा?" अधिकाऱ्यानंच वाक्य पुरं केलं.

यशवंतरावांना क्षणभर फार बरं वाटलं. नाव इथवर पोचलं होतं तर! तेवढ्यात त्या अधिकाऱ्यानं आणखी दोघांना हाक मारली, आणि बरं वाटणं तिथंच संपलं. "आप ज़रा इधर आइए. आप ही ने पूछा था न, जहाज़ शहर के ऊपर कितनी ऊँचाई से मुड़ता है?"

आतल्या खोलीत यशवंतरावांनी दिशाशूल पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं. हिंदी त्यांची रेल्वेची. त्यात गाड्या सुटतात, अडतात, घसरतात. शास्त्र बसत नाही. सोमवार-शनिवार पूर्व, मंगळवार-बुधवार उत्तर, असं ते बोटांवर मोजू लागले तसा अधिकारी संशयानं ऐकत होता. गुरुवारी दक्षिण, म्हटल्यावर मात्र तो खुर्चीत सरळ बसला.

"गुरुवार को दक्षिण नहीं जाना?"

"बिलकुल नहीं."

"मैं लखनऊ से यहाँ गुरुवार को ही आया था," तो म्हणाला. "तभी! आज तक क्वार्टर नहीं मिला. बीवी मायके में बैठी है."

"प्रस्थान ठेवलं होतं का? रखा था?"

"किसी ने बताया ही नहीं!"

मग त्याला सगळंच विचारायचं होतं. बायकोला कोणत्या वारी बोलवावं, सामान आधी पाठवलं तर चालेल का, प्रस्थानात सुपारीऐवजी दुसरं काही ठेवता येतं का. यशवंतराव दाराकडे पाहत, घामाघूम होत उत्तरं देत होते, कारण उत्तर दिलं नाही तर तो पुन्हा अडकित्त्यावर येईल ही भीती. बाहेर नागपूरची शेवटची हाक झाली. निरंजन काचेपलीकडे हात हलवत होता. अधिकाऱ्यानं घाईघाईनं वर फोन लावून विचारलं. कागद पुरे व्हायला वेळ लागणार होता. यशवंतरावांचं नाव वरच्या साहेबांपर्यंत गेलं होतं, त्यांच्या सहीशिवाय सोडता येत नव्हतं.

"तू जा," यशवंतराव काचेजवळ जाऊन ओरडले. "कोट घेऊन जा! मी येतो मागून!"

मागून म्हणजे कशानं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. निरंजन घुटमळला, मग कोट छातीशी धरून पळाला. सुपारी, तांदूळ आणि अडकित्ता मात्र आतल्या खोलीत टेबलावरच राहिले.

विमान उडालं. ते कोणत्या दिशेला तोंड करून उडालं, हे यशवंतरावांनी पाहिलं नाही. ते खाली मान घालून बसले होते.

वरच्या साहेबांची सही आली तेव्हा विमान नागपूरला उतरलंही होतं. पन्नास मिनिटांचा हिशेब तंतोतंत खरा निघाला, फक्त त्यात माणूस नव्हता. यशवंतरावांनी डोक्यात सगळ्या गाड्या लावून पाहिल्या. मेल, एक्स्प्रेस, पॅसेंजर, अगदी मालगाडीसुद्धा. त्या वेळेत नागपूर गाठेल अशी एकही नव्हती. आयुष्यभर लोकांच्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस रबरी स्लिपरा घालून विमानतळावर बसला होता, आणि त्याला रडू येत होतं.

अधिकाऱ्यालाही ओशाळं झालं. त्यानं चहा मागवला, टेबलावरचा फोन पुढं सरकवला. "बात कर लीजिए, बाबूजी."

निरंजनकडे नवाच मोबाइल होता. त्यावर फोन लागला. मागं सनई, भांडी आणि दहा बायकांचा गलका.

"पापा, सब आपको ही पूछ रहे हैं. पंद्रह मिनट में मुहूर्त है. बुआ से बात करो."

विजया फोनवर आली ती रडतच. "दादा, काय रे हे! भटजी घाई करून राहिले. मामा पाहिजे म्हणतात. शंकरभाऊ तयार उभे आहेत, धोतर नेसून..."

धोतर नेसून! म्हणजे घरूनच तयारीनं आलेला. यशवंतरावांच्या डोळ्यांपुढं तो फोटो उभा राहिला. एक क्षण वाटलं, सांगावं की मुहूर्त पुढं ढकला, दुसरा शोधा, काय वाट्टेल ते करा. पण ती पोरगी नटूनथटून आत बसली असेल. तिचा दिवस.

"उभा कर शंकरले," ते म्हणाले. "पोरीचा मुहूर्त नको चुकवू माझ्यासाठी."

पलीकडे फोन कोणीतरी खाली ठेवला, पण बंद केला नाही. गलका ऐकू येत राहिला. मग निरंजनचा आवाज, दबका. "पापा, अनुश्री दीदी उठ नहीं रही. बोल रही है शंकर अंकल नहीं चाहिए. मम्मी पंडितजी से भिड़ गई है."

यशवंतरावांनी रिसीव्हर कानावर दाबून धरला. सुशीलाबाईंचा आवाज एवढ्या गोंगाटातूनही ओळखू आला. एरवी प्रस्थान म्हटलं की नाक मुरडणाऱ्या सुशीलाबाई! निरंजननं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"काहून चालत नाही? प्रस्थान ठेवलं आहे त्यांनी, कालपासून ठेवलं आहे! वस्तू निघाली म्हंजे माणूस निघाला असं तुम्हीच सांगता ना लोकायले? मंग वस्तू पोचली तर माणूस पोचला नाही का? हा कोट पाहा. हळद लागली आहे त्याले. हा त्यांचाच आहे. हाच मामा आहे!"

भटजी काहीतरी पुटपुटले. कोणीतरी हसलं. मग निरंजन म्हणाला, "पापा... दीदी ने कोट ओढ़ लिया. शालू के ऊपर. ऐसे ही चल के आ रही है."

यशवंतरावांना ते दिसलं. पंडरीच्या कापडाचा तो बंद गळ्याचा कोट, तिच्या अंगावर पोत्यासारखा, खांद्यांवरून रिकाम्या बाह्या लोंबताहेत. मामाचे हात असेच खांद्यावर असतात.

मंगलाष्टकं सुरू झाली. फोनमधून आवाज बारीक येत होता, पण "सावधान" स्पष्ट कळत होतं. यशवंतरावांनी टेबलावरचे हळदीचे तांदूळ उचलले आणि फोनच्या दिशेनं टाकले. अधिकारी बघत राहिला. दुसऱ्या सावधानला त्यानंही चिमूटभर उचलले. तिसऱ्याला बाहेरचे दोन शिपाई आत आले आणि त्यांनीही हात पुढं केला. फोनवर, फायलींवर, त्या अडकित्त्यावर, सगळीकडे पिवळे तांदूळ पडले.

वाजंत्री वाजली. मग खुडबुड, आणि अनुश्रीचा आवाज अगदी कानात. "मामा? ऐकलं का तुम्ही? मी कोट काढला नाही जी. पाठवणीपर्यंत काढत नाही. संध्याकाळपर्यंत याल ना?"

यशवंतरावांनी तोंड उघडलं. नाव, हुद्दा, पत्ता, काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी रिसीव्हर अधिकाऱ्याच्या हातात दिला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

"हाँ बिटिया," अधिकारी म्हणाला. "मामाजी यहीं हैं. बिलकुल ठीक हैं, गाड़ी में मैं खुद बैठा दूँगा. बस बोल नहीं पा रहे." पलीकडून पोरीनं त्यालाच काही विचारलं. "मैं? मैं भी नहीं बोल पा रहा, बिटिया. रखता हूँ."